क-सातच्या पोटात

एन्डेल फिनलंडला गेला, जाताना किल्ली दिली,
कुलपं कुठली ते सांगितलं नाही.
आता संग्रहालयाच्या तळघरात मी, पायाशी हीटर,
आणि चौदाशे फायली:
सारेमा बेटावरच्या मासेमारी संघाची सगळी दप्तरं,
टोकदार कंसांत बंद.

टॅगांची नावं तरी बघा. क-सात. मु.
मु-च्या आत आणखी एक मु.
एका फायलीत होडी माणसाच्या पोटात,
दुसरीत माणूस होडीच्या.
शेंडा-बुडखा नाही म्हणावं, तर झाड आहेच समोर;
मूळ एकच, तेवढं नक्की.

पहिल्या दिवशी आळस केला.
थेट मुळालाच म्हटलं, तुझ्यातला मजकूर दे.
त्यानं दिला. सगळा, एका दमात:

रूबेनपरतआलानाहीआईलाकळवलं

हातातला चहा निवला.
परत आला, नाही आईला कळवलं?
की परत आला नाही, आईला कळवलं?
बोटभर जागा सोडायची राहिली
आणि एक माणूस
अर्धा पाण्यात, अर्धा धक्क्यावर.

मग नीट लिहिलं. सात ओळींचं फंक्शन,
स्वतःलाच हाक मारणारं.
दारावर जा. नाव विचारू नकोस, कूळ तर नकोच.
आत लेकरं आहेत? एकेकाकडे जा, तिथंही हेच कर.
नाहीत? मग हे पान. असेल ते उचल,
कडेच्या मोकळ्या जागा झटक,
नुसती हवा निघाली तर पुढे चल.
आणि यादीत ठेव, सुटं सुटं,
बाजारात हेल्यू धुरावलेले मासे मांडते तसं,
दोहोंमध्ये कागद घालून.

चाललं. पण मासे कमी भरले.
काही शब्द कुठल्याच लेकराच्या घरात नव्हते,
दोन घरांच्या मधल्या ओट्यावर बसून होते,
त्यांना मी विचारलंच नव्हतं.
फंक्शन आठ ओळींचं झालं.

आता यादी:

रूबेन
परत आला
नाही
आईला कळवलं

नाही, एकटंच. क-सातच्या पोटात.
वर चढून पाहिलं: बाप मु, बापाचा बाप मु.
एन्डेलला फोन केला.
क-सात? म्हणाला. वीस वर्षं झाली, विल्वे,
मी आता स्वयंपाकघरांची कपाटं करतो.

शेवटी कागद घेऊन साल्मेकडे गेले.
संघात कारकून होती, नव्वदीला टेकली आहे,
मूळ नोंदी तिच्याच हातच्या.
तिनं एक चष्मा शोधला, मग दुसरा,
आणि बोट ओळींवरून नेलं, फेब्रुवारीतल्या
समुद्राच्या बर्फावरून चालावं तसं, वजन चाचपत.
तिसऱ्या ओळीवर थांबलं.

हे कुणाचं, मी विचारलं. वरचं की खालचं?

"तेव्हाही जिल्ह्याहून दोघं आले होते,"
ती म्हणाली, "हेच विचारायला.
म्हणून तर वेगळ्या रकान्यात लिहिलं."
आणि काळ्या पावाला लोणी लावत बसली,
अगदी कडेपर्यंत.

तळघरात परतून मी काही जोडलं नाही.
चार मूल्यं, चार ओळी.
फक्त प्रत्येकीशेजारी तिची वाट लिहून ठेवली,
मुळापासून: मु, मु, क-सात,
पुढं कुणाला चालत जायचं झालं तर.