हिरवी शाई

वाढई मॅडम म्हणाल्या, लाल पेन माझं, हिरवं तुमचं.
एकमेकांचे निबंध तपासा.
दहा मार्क लिहिण्याला, पाच तपासण्याला.

माझा गेला प्रांजली घुगेकडं.
ती वाशिमकडची. मामाची बदली नागभीडला,
म्हणून तीही इथं.
अक्षर असं, की चूकसुद्धा बरोबर वाटावी.

मी लिहिलं होतं, आज्यानं बोडी खोदली.
तिनं 'बो' खोडून 'हो' केलं.
मग 'खोदली' जुळेना, तर तेही बदललं:
आजोबांनी होडी बांधली.
खाली 'बांधीत पाणी सोडलं' होतं, त्याचं झालं
बांधिलकीत पाणी सोडलं,
आणि समासात शेरा: छान कल्पना!

मला ठाऊक होतं ना.
पण पारीवर उभं राहून ठाऊक असणं वेगळं
आणि हिरव्या शाईपुढं वेगळं.
वाटलं, तिचा शब्द पुस्तकातला असेल,
माझा नुसता गावचा.
रात्री फेअर कॉपी केली.
होडी. बांधिलकी. सुवाच्य.

माय तांदूळ पाखडत होती. म्हणाली, वाच.
वाचलं.
सूप थांबलं.
"तुह्या आज्यानं होडी कवा बांधली रे?
त्याले तं पवताबी येत नोहोतं!"
आणि अशी हसत सुटली
की कोंडा उडून माझ्या वहीवर.

तो झटकताना दिसलं,
पानाच्या पार कोपऱ्यात प्रांजलीनं बारीक विचारलं होतं:
किती दिवस लागले? एकट्यानंच केली का?

होडीबद्दल विचारलेलं.
पण बोडीबद्दल हे कुणी विचारलंच नव्हतं कधी.
मीही नाही.

सकाळी पारीवर लटारू नान्हे जाळं झटकत होता.
म्हणाला, दोन उन्हाळे लागले.
एकटा कुठचा बाबू,
त्याची बहीण होती ना, बयना.
अर्धी माती तिच्याच डोक्यावरून गेली.
हे नाव आमच्या घरात
मी ऐकलंच नव्हतं.

परत लिहिलं.
आज्यानं आणि त्याच्या बहिणीनं, बयनानं,
दोन उन्हाळ्यांत बोडी खोदली.
तिच्या पाण्यावर आमच्या सहा बांध्या भिजतात.
'बोडी' दोनदा गिरवलं.

प्रांजली वाचून म्हणाली, म्हणजे तळं होय!
म्हटलं, तळं नाही. बोडी.
बरं, बोडी, म्हणाली,
आणि काही न बोलता आपली वही पुढं सरकवली.

त्यात हिरवं अक्षर माझं.
तिनं लिहिलं होतं,
सोयाबीनच्या सोंगणीत आईची बोटं फाटतात.
आमच्याकडं धान. आम्ही कापणी म्हणतो.
'सोंगणी'खाली माझी जाड रेघ,
आणि बाजूला:
सोंग कसलं? नाटक नको, खरं लिही.

थुंकी लावून पुसायला गेलो.
शाई पसरत पसरत
तिच्या आईच्या बोटांपर्यंत गेली.