सोमवारचा आकडा

शर्वाणी, तुझ्या तक्त्यात सतरा रकाने.
नट कोण, पडदे किती, सुट्टी कुठली,
झलक किती लाखांनी पाहिली,
पाहून किती जणांनी बदाम टाकले.
बरे आहेत. चष्मा पुसून एकेक वाचला.
आमच्याकडे एकच रकाना होता :
सायकल स्टँडवरचा बद्रीलाल.

बाराच्या खेळाला, नावं सरायच्या आत,
उरलेले पितळी बिल्ले खुळखुळवून तो सांगायचा,
"बाबूजी, छह हफ्ते."
किंवा बोलायचाच नाही, विडी चुरडायचा.
मग मी शुक्रवारी पेट्या परत न्यायला
हमाल सांगून ठेवायचो.

मी वितरकाचा माणूस.
तिकिटांची अर्धुकं मोजायची, मालकाच्या वहीशी ताडायची,
रात्री सियागंजात शेठला आकडा द्यायचा.
शनिवार-रविवारचं कुणी विचारत नसे.
रविवारी काय, माणूस पंख्याखाली बसायलाही येतो.
"सोमवारचा सांगा, सरमंडल."
इंदूरच्या सोमवारवर खंडवा बोली लावायचं,
रतलाम, धार, पार बडवानीपर्यंत.

बाकीचं अंगवळणी पडलं.
दहाला गिरणीचा पगार, अकराला बाल्कनी भरली.
चतुर्दशीला रस्त्यावर झांक्या, रात्रीचा खेळ बुडाला.
रंगपंचमीला गेर निघाली की दाराला कुलूपच बरं.
लग्नतिथी दाट तर बायका नाहीत,
आणि बायका नाहीत तर तिसरा आठवडा नाही.
खुर्चीखालची टरफलंसुद्धा बघायचो मी :
फार पडली म्हणजे कंटाळले.

एकदाच चुकलो. ऐक.

ओळखीचं तोंड नाही, एक धड गाणं नाही,
असला चित्रपट.
सोमवार. बद्रीकडून बिल्ले गेले अकरा.
त्याने विडी पेटवलीसुद्धा नाही.
आत आलो तर खालचा वर्ग गच्च.
अर्धुकं सातशे बेचाळीस. मंगळवारी सातशे साठ.
शेठने पेढे आणवले, खंडव्याला फोन लावला,
दुप्पट भावाने गेला चित्रपट.

गुरुवारी मध्यंतरात मी मागे उभा राहिलो.
कुणी बाहेर पडलं नाही. चहाला नाही, शेंगांना नाही.
जागच्या जागी डबे उघडल्याचे आवाज,
गार पोळी, लसणाची चटणी.
तीन वाजले. नायिका अजून तुरुंगातच होती.
सगळे उठले,
डबे पिशवीत घालून, न ढकलता,
परदेशीपुऱ्याच्या रस्त्याला लागले, पायी,
पहिली पाळी सुटते त्या वेळेला घरी पोचायला.
मीही मागोमाग फाटकापर्यंत गेलो.

गिरणी बंद पडल्याचं छापून आलं होतं.
मी वाचलंही होतं. पण ते दुसऱ्या पानावर,
आणि माझी वही वेगळी.
सायकली आधीच विकल्या गेल्या होत्या.
घरी म्हणे सगळं ठाऊक होतं,
तरी सकाळी डबा भरून मिळायचा.

खंडव्यात तो तीन दिवस चालला.
तिथला माणूस पिशवी घेऊन आला, भांडला नाही.
पाणी प्यायला. म्हणाला,
"एवढंच सांगा, इंदूरच्या लोकांना
यात आवडलं तरी काय?"

मी म्हटलं, शेवट.

तो शेवट, शर्वाणी,
मीसुद्धा अजून पाहिलेला नाही.