चाळीस नंबरची बस

शारजात, तेरा नंबरच्या इंडस्ट्रियल एरियात,
टायरवाला आणि भंगारवाला यांच्या मधल्या शेडमध्ये
उभी आहे ती, काचा उतरवलेली.
मी ओळखलं तिला मागच्या बंपरवरून.
तो वाकला तेव्हा मी आत होतो,
डब्यातली डाळ मांडीवर घेऊन.

शाजी म्हणाला, पाष्टे, एकवीस दिवस.
मालक म्हणतो, बाष्टे. अरबीत प नाही,
तेव्हा गेली अकरा वर्षं मी जरा वेगळाच कुणीतरी आहे
आणि पगार त्याच्याच नावावर होतो.

मालक खलफान, वय चोवीस.
कागदावर काढून आणलंय त्याने :
सहा पडदे, बारा खुर्च्या, खाली निळ्या दिव्यांची पट्टी,
मागे सरबताचं कपाट, छताला चांदण्या.
पोरांच्या वाढदिवसाला ही गाडी दारात जाणार.
दोन तासांचे नऊशे दिरहम.
मी मनात भागाकार सुरू केला आणि सोडून दिला.

आधी सीटा.
छप्पन्न सीटा, प्रत्येकीला चार बोल्ट,
आणि एकही बोल्ट सरळपणे सुटेल तर शपथ.
ग्राइंडर लावला.
खालून निघाली
रिचार्जची खरवडलेली कार्डं, चिंचोके,
डाव्या पायाची एक सपात,
सिमेंट, आणखी सिमेंट,
आणि कुणाचा तरी दात.
दात मी कागदात गुंडाळून खिशात ठेवला. का, ते विचारू नका.

हीच गाडी पहाटे साडेचारला सोनापूरहून सुटायची.
आमच्याकडे सोनापूर म्हणजे मसणवट.
पहिल्या दिवशी नाव ऐकून मी हसलो होतो.
शेजारचा बिहारी म्हणाला, हसतोस काय?
त्याला त्या नावात नुसतं सोनं ऐकू येत होतं.
मीही मग सांगायच्या भानगडीत पडलो नाही.

तेव्हा एसी नव्हता. खिडक्यांना गज होते.
आता चार एसी,
जनरेटर असा की कानाला पत्ता लागू नये,
आणि खिडक्यांवर आतून प्लाय, त्यावर फोम, त्यावर काळं रेक्झिन.
डावीकडची सातवी बुजवताना हात थांबला.
तिथून मी एक टॉवर पाहिला होता
खड्ड्यापासून एकसष्टाव्या मजल्यापर्यंत,
जाता-येता, बोटाने मोजत.
शाजी ओरडला. मी स्क्रू पिळला.

एकविसाव्या रात्री सगळं पेटवून पाहिलं.
पडद्यात शहर उगवलं.
रस्ते, पूल, काचेचे मनोरे, मागे समुद्रसुद्धा.
मी नाक लावून निरखलं :
एकाही इमारतीला परांची नाही.
कुणी बांधलंच नव्हतं ते.

झरवली बाहेर टायरावर बसला होता.
पेशावरकडचा. बावीस वर्षं ड्रायव्हर, ह्याच गाडीवर.
रोमेल पेंटरने त्याला धरून आणला, खुर्चीत बसवला,
हातात ते खेळण्यातलं स्टिअरिंग दिलं.
लाल मोटार. शर्यत. तीन, दोन, एक.
बाकीच्या गाड्या सुसाट.
झरवलीने आधी आरसा शोधला.
मग इंडिकेटर.
मग पहिल्याच लाल दिव्याला उभा राहिला.

अरे पळव, खेळ आहे हा! रोमेल ओरडला.
झरवली म्हणाला,
पीछे आदमी बैठे हैं.

आम्ही तिघांनीही मागे वळून पाहिलं.

दिवा हिरवा झाला तसा तो निघाला,
उजव्या हाताने नसलेला गिअर चाचपत,
आणि बारांत बारावा आला.
खाली उतरताना एवढंच विचारलं, डिझेल किती खाते ही?

शनिवारी तिन्हीसांजेला गाडी निघाली.
कुणा हमदचा सातवा वाढदिवस.
दोन्ही बाजूंना रोमेलचे हिरवे राक्षस, डोळे बशीएवढे.
शेडच्या तोंडाशी झरवलीने सवयीने
दोनदा हॉर्न दिला

आणि समोरच्या कॅम्पातून दोन माणसं,
एकाची चप्पल अजून पायात नीट नाही,
डबे सांभाळत धावत आली.