ट्रे नंबर एकेचाळीस

चार्लीन, झारी खाली ठेव.
जानेवारीत यांना पाणी द्यायचं नसतं.
सुकलीत असं वाटतंय ना? वाटू दे.
ते वरचं भुरकट, कागदासारखं कातडं सोलू नकोस,
नखानं तर नाहीच.
आत गेल्या वर्षीचं पान नव्या पानाला
स्वतःलाच पाजतंय, थेंब थेंब.
मध्येच आपण पाणी घातलं
तर जुनं मरायचं विसरतं
आणि नवं आतल्या आत सडतं.

कोमाग्गासला आम्ही यांना पायाची बोटं म्हणायचो.
शेळ्यांमागे हिंडताना आईनं दाखवलेली,
पांढऱ्या गारगोट्यांत, शेंगदाण्याएवढी,
समुद्राकडून धुकं आलं की किंचित फुगणारी.
"जपून चाल," म्हणाली, "खाली कुणीतरी पाय पसरून झोपलंय."
तेव्हा यांना किंमत नव्हती.
म्हणजे पैशातली.

हे खोके स्प्रिंगबॉकच्या पोलिसांनी आणले.
बाहेर लिहिलंय : खेळणी.
आत टॉयलेट पेपरात गुंडाळलेली चारशे बारा बोटं.
कुरियरच्या बाईनं खोका हलवून पाहिला म्हणे,
काहीच वाजलं नाही.
तिच्या घरी तीन मुलं. खेळणी वाजतात, हे तिला माहीत.

आधी मुळं बघ.
काळी पडलीत तेवढीच काप, ब्लेड स्पिरिटमधून काढून.
पांढरा कापूस दिसला तर तो कापूस नाही, कीड आहे,
ब्रशनं पूस.
मग तीन दिवस सावलीत. जखम कोरडी पडू दे.
घाईनं लावलेलं झाड आणि घाईनं केलेलं लग्न,
दोन्ही मी पाहिलीत.
मग जाड वाळू, ठिसूळ खडे, माती नावापुरती.

नाही, एकेचाळीस नंबरचा ट्रे तू घेऊ नकोस.
तो माझा.
त्यातली ग्रॅन्विलनं काढलीत. माझ्या बहिणीचा. हो, तोच.
पोलिसांनी सांगायच्या आधीच मला कळलं होतं.
प्रत्येक मुळाला एकाच बाजूनं चीर आहे,
स्क्रूड्रायव्हर डावीकडून घुसलाय.
त्यानं उजव्या हातात चमचा धरावा म्हणून
मी त्याला मारलंसुद्धा होतं, लहानपणी.
धरला नाही.

एका बोटाचे त्याला सात रँड मिळाले.
त्यातून बाळाचे डायपर आले, विजेचं रिचार्ज,
आणि मला अर्धा किलो कॉफी.
चांगली होती.
कुठून आणलीस, विचारलं नाही.
प्यायले.

एकोणनव्वद होती. आज त्र्याहत्तर आहेत.
जे मरतं ते वहीत लिहायचं, तारीख घालून.
वकीलसाहेब म्हणाले, ही झाडं नाहीत, बाई, पुरावा आहे,
पुरावा जिवंत ठेवा.
मग मेलेलं कुणाच्या नावावर, विचारलं मी.
त्यांनी घड्याळात पाहिलं.

यातलं एखादं माझ्या आईपेक्षा वयानं मोठं असेल.
परत लावायचं म्हटलं तरी
डोंगर कुठला, ते एकट्या ग्रॅन्विलला ठाऊक,
आणि त्यानं तो सांगितला
तर कागदावर अजून एक ओळ वाढेल.
मी तुरुंगात भेटायला जाते तेव्हा
आम्ही दोघं शेळ्यांबद्दल बोलतो.

एप्रिलमध्ये त्याची तारीख आहे.
यांचं पहिलं पाणीही एप्रिलमध्येच, संध्याकाळी,
नुसता फवारा, आरशावर श्वास सोडावा तेवढा.
मग कातडी फाटतील. रात्री फुलं उघडतील,
फिकट, बारीक, लवंगेच्या वासाची,
पतंगांसाठी. आपल्यासाठी नाहीत ती.
तरी मी दिवा बंद करून बसते.

जाळी ओढून घे, पूर्वेचा वारा सुटतोय,
दुपारपर्यंत भट्टी होईल इथं.
आणि हे बघ, इकडे ये, एकेचाळीसमध्ये, कडेचं.
काल फाटलं हे. भर जानेवारीत, कुणी न सांगता.
वाक. अजून वाक.
दिसलं हिरवं?

झारी नको म्हटलं ना.