ठोकून बघणं

शिरोलीच्या फौंड्रीत माझं काम एवढंच:
थंड झालेलं कास्टिंग साखळीला टांगायचं
आणि हातोडीनं हलकं ठोकून ऐकायचं.
टण्ण वाजलं तर पुढं.
बद्द वाजलं तर आत कुठंतरी चीर आहे,
वरून कितीही गुळगुळीत असो.
बावीस वर्षं झाली. कान तयार झालाय.
बायको म्हणते, कलिंगडसुद्धा तुम्ही असंच घेता.

पण थोरला घरात वाळत गेला
तेव्हा मला काहीच ऐकू आलं नाही.
हुपरीच्या पैंजणांची पेटी घेऊन तो
पार सेलमपर्यंत जायचा, यायचा.
आम्ही छातीत पाणी म्हणालो, बाहेरचं म्हणालो,
तिकटीवर लिंबं कापून टाकली.
कुणी सीपीआरला न्या म्हटलं
तर आई म्हणाली, तिथं गेलं की नाव जातंय.
नाव राहिलं.
थोरला गेला.

वहिनी मग एकटीच जाऊन तपासून आली.
चुलीपुढं बसली, म्हणाली,
मला एचआयव्ही आहे. पोरीला नाही.
आणि तव्यावरची भाकरी उलटली.
ती भाकरी कुणी खाल्ली नाही.
सात महिने तिचं ताट वेगळं होतं आमच्या घरात.
हे मी लिहितोय, कारण ते ताट
फळीवरून मीच खाली काढून दिलं होतं.

त्याला चौदा वर्षं झाली.
रात्री नऊची गोळी. भिंतीवरचं घड्याळ चुकतं,
वहिनी चुकत नाही.
रक्तात आता विषाणू मोजण्याएवढाही सापडत नाही,
डॉक्टर म्हणतात.
मेमध्ये पोरीचं लग्न लागलं.
अक्षता टाकायला वहिनी पुढच्या रांगेत.

तीच परवा आमच्या तालमीच्या उंबऱ्यावर उभी.
आत बायका येत नाहीत. ती आली नाही, हललीही नाही.
"वस्ताद, हौद्यातली माती चाळता,
खडा राहू नये म्हणून. हळद घालता, ताक घालता.
पोरांचं रक्त कधी चाळलं का?"
दौलू वस्ताद, ऐंशीचा, कान चुरगळलेले:
"आमची पोरं लंगोटाची पक्की हायत."
"असतील की. वाईट कोण ते हुडकायला मी आले नाही.
नुसतं बघायला चला म्हणते."

कुणी बोललं नाही.
जोर काढणारा एक जण तसाच अर्ध्यात थांबला.
मग वस्तादानं खुंटीवरचा सदरा घेतला.
ह्या वयात? पोरं हसली.
"हसा. पण मातीत आधी कुणीतरी उतरायलाच लागतंय."

मंगळवारी सीपीआरच्या बाकड्यांवर आम्ही एकोणीस.
शबनम मुजावर दार लावून एकेकाशी बोलते.
पैसे नाहीत. जबरदस्ती नाही.
"तुमचं तुमच्यापाशी," म्हणते,
"मंडळाला कळणार नाही, मालकाला कळणार नाही."
दंडाला रबर, थोडं रक्त, सही,
आणि परत बाकडं.

त्या अर्ध्या तासाबद्दल काय सांगू.
समोर पाण्याचा नळ गळत होता.
निपाणीची एक रात्र आठवली,
तिच्याबद्दल इथं एवढंच.
शेजारी पैलवान पोरगं, मांड्या खांबासारख्या,
आणि गुडघा थडथडत होता.
मी त्यावर हात ठेवला.
माझाही हात थडथडत होता.

कुणाचं काय आलं ते ह्या कवितेत नाही.
ज्याचं त्याच्या खिशात आहे.
काहींना तीन महिन्यांनी परत बोलावलंय,
काहींना दुसऱ्या दिवशी.
फौंड्रीत बद्द वाजलेलं आम्ही मोडीत टाकतो.
माणसाचं तसं नसतं,
हे कळायला मला सख्खा भाऊ लागला.

संध्याकाळी एकोणीसही जण तालमीत.
थंडाई घोटली. पितळी तांब्या एकच.
वस्तादानं तो उचलला,
उंबऱ्यापर्यंत चालत गेला
आणि आधी वहिनीच्या हातात दिला.
ती प्यायली. तोंड पदरानं पुसलं.
म्हणाली, बदाम कमी पडलेत,
आणि पुढच्या मंगळवारी उद्यमनगरातली येणारेत,
त्यांना वाट दाखवायला दोघंतिघं चला.

मी रजा टाकलीय.