लटकता समास

विश्रामबागेत, झेरॉक्सच्या मागच्या खोलीत
मी लोकांचे प्रबंध सरळ करते.
पानाला चार रुपये, तक्त्याला दहा.
संदर्भसूचीचा दर बोलून ठरतो,
कारण तिच्यात माणसं असतात.

माणसं म्हणजे आडनाव, स्वल्पविराम, नाव,
कंसात साल.
शाळेच्या हजेरीसारखी उलटी उभी.
एकाच प्राध्यापकाची तीन आद्याक्षरं,
दोन पानांवर दोन स्पेलिंगं,
कुठं टिंब जास्त, कुठं प्रकाशकच गायब.
पुस्तकाचं नाव तिरपं करा म्हणतात.
इंग्रजीला शोभतं.
मराठी तिरपी केली की काना-मात्रा
एसटीच्या दांडीला धरून उभ्या राहिल्यासारख्या दिसतात.
मी ठळक करते. अजून कुणी परत पाठवलेलं नाही.

अश्लेषा मगदूमचा विषय होता हरिपूरची पेवं.
जमिनीखाली हळद, वीस-पंचवीस फूट खोल.
तीनशे अकरा पानं, एकशे चौऱ्याऐंशी संदर्भ,
जुन्या फॉन्टमधून आणलेले,
म्हणून प्रत्येक 'श्र'चा चौकोन झालेला.
चौकोन भरत भरत दोनशे सहावर आले
तर जाड अक्षरांत मशीनच म्हणालं,
संदर्भाचा स्रोत सापडला नाही.

वरचं वाक्य असं होतं :
पेवात माणसाआधी कंदील सोडतात.
कंदील विझला तर माणूस सोडत नाहीत.
तळटीपेत, एक वृद्ध कामगार, हरिपूर.

फोन केला. नाव काय यांचं?
"अय्या, जमादारताई, विचारायचंच राहिलं.
तसंही तोंडी माहिती सूचीत घेत नाहीत, नियम आहे.
तुम्ही फक्त मार्जिन बघा."

मग मार्जिन बघायला गेले रविवारी,
चिंचांच्या रस्त्यानं, संगमाच्या अलीकडे.
तीन घरं विचारल्यावर यल्लाप्पा कुसाळकर सापडले,
पत्र्याच्या सावलीत, खाटेवर.
नखांच्या कडा पिवळ्या.
तंबाखूनंही असतील, मी विचारलं नाही.

वहीत लिहायला लागले, कुसाळकर, स्वल्पविराम,
तर म्हणाले, "माझं कशाला?
ते वाक्य दुर्गाप्पाचं हाय.
मी वरनं नुसता दोर धरायचो."
आडनाव?
"दुर्गाप्पाच म्हणायचो की."
साल?
"महापुराच्या लई आधी."
आता कुठं असतात?

त्यांनी हात कोपराभोवती फिरवला,
दोर गुंडाळतात तसा, दोनदा.
"कंदील सोडला व्हता आम्ही," म्हणाले.
"त्या दिवशी तो जळतच व्हता."

आतून कुणीतरी चहा आणला.
एका पेवावर आता कुणाचा तरी ऊस उभा होता,
असं त्यांनी बोटानं दाखवलं. मला नुसता ऊसच दिसला.

रात्री मिरजेत घरी बसून नवी नोंद केली.
दुर्गाप्पा. सा. न. तोंडी, हरिपूर.
आडनाव नाही, म्हणून स्वल्पविराम नाही.
अकारविल्हे लावलं, तर तो जाऊन बसला
दिल्लीच्या कुठल्याशा समितीच्या अहवालाखाली
आणि एका देसाईंच्या वर.
एकशे पंच्याऐंशी.
मगदूमबाईंचे सर मोजतील, नाही मोजणार.

शेवटी सगळी यादी निवडून लटकता समास दिला.
त्यात पहिली ओळ काठावर राहते,
बाकीच्या अर्धा इंच आत सोडलेल्या.
अहवाल चार ओळींनी आत गेला. देसाई दोन.
दुर्गाप्पाची नोंदच एका ओळीची,
आत सोडायला दुसरी ओळ नव्हती.

त्याच्या नावापुढे कर्सर
पेटत होता, विझत होता, पेटत होता.
मी बराच वेळ एंटर दाबलं नाही.