पडदा अडकला तेव्हा

सोहारमध्ये जानेवारी म्हणजे एसी बंद करून
खिडकी उघडायचा महिना,
आणि शाळेच्या गॅदरिंगचा.
माझ्याकडे शिवायला आल्या होत्या एकोणीस टोप्या,
एक शेपटी,
आणि चंद्राला मागून लावायचं अस्तर.

नाटक चौथीचं. चंद्र हरवतो,
मुलं होडीतून शोधायला निघतात.
लिहिलं हिंदीच्या सय्यद बाईंनी.
होडी सेल्वराज सरांची, फ्रिजच्या खोक्यांची;
रंगाखालून ‘ही बाजू वर’ म्हणणारा बाण
शेवटपर्यंत दिसत राहिला, पाण्याकडे तोंड करून.

तीन आठवडे आम्ही बायका टाचण्यांमधून बोललो,
म्हणजे तोंडात टाचण्या धरून.
बिन्सीची आई मल्याळममध्ये मापं मोजायची,
मी मराठीत कापायचे,
बाही तरी पुरायची.

एक सांगायचं राहिलं.
पार्किंगवरून माझं आणि फर्नांडिस बाईंचं
सप्टेंबरपासून बोलणं नव्हतं.
ग्रुपवर त्यांचा मेसेज आला
की मी अंगठासुद्धा द्यायचे नाही.
शिलाईचं मशीन मात्र त्यांचंच होतं.

नवरा स्मेल्टरला, दुपारपाळीवर.
“रेकॉर्ड करून ठेव,” म्हणाला.
ज्यांना सुट्टी मिळाली ते बाप
डांगरीतच आले, मागे भिंतीला टेकून राहिले,
खुर्च्या रिकाम्या असूनही,
बसलो तर डोळा लागेल म्हणून.

शेवटच्या प्रवेशाआधी पडदा मिटायचा होता.
दोरी कप्पीतून निसटली.
पडदा अर्ध्यावर आला आणि थबकला,
माप ओलांडायचं विसरलेल्या नवरीसारखा.
आणि दिवे लागले.

दिसलो मग आम्ही सगळेच.
मी गुडघ्यांवर, हातात शेपटी.
निळ्या चादरीखाली रांगणाऱ्या लीलाम्मा मिस, म्हणजे लाटा.
वॉचमन खलफान, एका हातानं कुम्मा सावरत
दुसऱ्यानं ढगाला टेकू दिलेला.
फर्नांडिस बाई माझ्या शर्वरीच्या मिशीवर फुंकर घालत होत्या,
डिंक लवकर वाळावा म्हणून,
डोळे मिटून, अगदी हळू,
भाजलेल्या बोटावर घालतात तशी.
आणि शिडीच्या टोकावर,
हरवलेला चंद्र पोटाशी धरून,
सात नंबरच्या बसचे रहमतुल्ला.

सातशे माणसं गप्प.
स्पीकरमधून समुद्र तेवढा वाजत राहिला, पेनड्राइव्हवरचा.
खरा दोन किलोमीटरवर होता,
त्यानं काही मदत केली नाही.

मग केजीच्या रांगेतून एक बारका आवाज:
“रहमत अंकलकडे आहे! चंद्र!”

शर्वरीची अकरा वाक्यं उरली होती,
सगळी ताऱ्यांबद्दल, आशेबद्दल, चांगली अवघड.
तिनं ती तिथेच सोडली.
शिडीखाली गेली, मान वर केली,
मिशी एका बाजूनं सुटलेली,
आणि म्हणाली,
“अंकल, माझा स्टॉप आला.”

रोज दप्तर देतात तसेच वाकले ते,
रोज म्हणतात तेच म्हणाले, “आराम से, बेटा,”
आणि चंद्र तिच्या हातात उतरवला.

टाळ्या कुठून सुरू झाल्या माहीत नाही.
मला वाटतं भिंतीकडून.

नंतर खुर्च्या रचल्या, कागदी कपांतून करक आला,
खलफाननं घरून आणलेला हलवा
चमच्यांअभावी सगळ्यांनी बोटांनीच खाल्ला.
चंद्र फक्त फर्नांडिस बाईंच्या गाडीत मावत होता.
गाडी दोन रेघांवर आडवी, नेहमीसारखी.
मी मागचं दार धरून उभी राहिले.
“वाकवू नका, अस्तर उसवेल,” मी म्हणाले.
सप्टेंबरनंतरचं पहिलं वाक्य.
“मशीन माझंय, उसवायचं नाही,” त्या म्हणाल्या.

रेकॉर्डिंग राहिलंच माझ्याकडून.
पण रात्रीत कुठकुठल्या नंबरांवरून चौदा व्हिडिओ आले,
एकात मागून कुणाचं तरी हुंदका गिळणं ऐकू येतं.
नवरा आला, बूट न काढता बघत बसला.
“यातले आपले कोण?” त्यानं विचारलं.
थांब, मी म्हटलं,
आणि शिडीपासून सुरुवात केली.